धबधब्याचे चित्र आणि त्याखालचे वाक्य: एका गैरसमजाचा इतिहास

१/
सॉफ्टवेअर घडवण्याच्या दोन मार्गांची तुलना अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते. पहिला वॉटरफॉल: आधी सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोड आणि शेवटी चाचणी. पाणी पायरीवरून पायरीवर उतरते, मागे वळत नाही, म्हणून हे नाव. दुसरा इटरेटिव्ह, म्हणजे आवर्तनांचा: थोडे बांधायचे, चालवून पाहायचे, सुधारायचे, पुन्हा थोडे बांधायचे.

२/
या तुलनेसोबत एक कथाही येते. पूर्वी सारे जण वॉटरफॉलनेच काम करत. त्याचा जनक विन्स्टन रॉइस. पुढे २००१ मध्ये अजाइलचा जाहीरनामा निघाला आणि आवर्तनांचे युग सुरू झाले. कथा बखरीसारखी आहे: सुटसुटीत, लक्षात राहणारी, आणि अस्सल कागदाशी ताडून पाहिली की डळमळणारी. आजच्या धाग्यात तो अस्सल कागदच उघडू.

३/
ऑगस्ट १९७०. अमेरिकेतील वेस्कॉन परिषदेत रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक छोटेखानी निबंध सादर केला. त्यामागे नऊ वर्षांचा अनुभव होता. अवकाशयानांच्या मोहिमांचे नियोजन, त्यांना आज्ञा देणे आणि उड्डाणानंतरचे विश्लेषण यांसाठीचे सॉफ्टवेअर हे त्यांचे कार्यक्षेत्र होते.

४/
निबंधाच्या आरंभीच ती प्रसिद्ध आकृती येते. सात चौकटी, पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या: प्रणालीच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, कोड, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर. पुढे जगभर गाजलेले चित्र हेच. ‘वॉटरफॉल’ हा शब्द मात्र संपूर्ण निबंधात कोठेही नाही.

५/
आता चित्राखालचा मजकूर पाहा. या संकल्पनेवर आपला विश्वास आहे, असे रॉइस सांगतात. पण त्याच दमात, ती अशा सरळ रूपात राबवणे धोक्याचे असून अपयशाला निमंत्रण देणारे आहे, असेही बजावतात. कारण नेमके आहे. वेळेचे गणित, साठवणुकीची जागा, माहितीची देवाणघेवाण या गोष्टी कागदावर कितीही तपासल्या, तरी त्यांचा खरा अनुभव चाचणीत येतो. आणि चाचणी तर शेवटी. तेथे दोष निघाला तर आराखडाच नव्हे, मूळ गरजाही बदलाव्या लागतात. खर्च वा कालावधी दुप्पट होण्याची शक्यता त्यांनी स्पष्ट नोंदवली आहे.

६/
यावर त्यांनी पाच उपाय सुचवले. त्यांतील तिसरा आपल्या विषयाचा गाभा आहे: काम दोनदा करा. एखादा प्रोग्रॅम प्रथमच घडत असेल, तर ग्राहकाच्या हाती पडणारी आवृत्ती खरे तर दुसरी असावी. ३० महिन्यांचे काम असेल तर सुमारे १० महिने एका प्राथमिक नमुन्यासाठी राखून ठेवावेत, म्हणजे चुका स्वस्तात कळतील. पाचवा उपाय असा, की अंतिम सुपूर्तीपर्यंत न थांबता ग्राहकाला मधल्या टप्प्यांवरही रीतसर सहभागी करून घ्यावे.

७/
येथे एक सावधगिरी हवी. हा मजकूर सापडल्यावर काहींनी उलट टोक गाठले आणि रॉइस यांना अजाइलचे आद्य पुरुष ठरवले. तेही कागदाला धरून नाही. त्यांचा दुसरा उपाय म्हणजे दस्तऐवजांचा प्रचंड आग्रह. ५० लाख डॉलरच्या यंत्रसामग्रीला ३० पानांचे तपशीलपत्र पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला सुमारे १,५०० पाने लागतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यांना टप्पे हवे होते, कागदही हवे होते. नको होता तो शेवटपर्यंत झाकून राहणारा दोष.

८/
टप्प्यांचे वर्णनही त्यांच्यापासून सुरू होत नाही. अमेरिकेच्या सेज या हवाई संरक्षण प्रणालीचे सॉफ्टवेअर कसे घडले, हे हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ मध्येच टप्प्याटप्प्याने मांडले होते. तो लेख १९८३ मध्ये पुन्हा छापला गेला तेव्हा त्यांनी एक महत्त्वाची पुस्ती जोडली. मुख्य प्रणालीआधी ३५,००० आज्ञांचा एक प्रायोगिक नमुना व्हर्लविंड संगणकावर चालवून पाहिलेला होता. मूळ वर्णनातून नेमका तोच भाग निसटला होता. पद्धतीचे वर्णन आणि प्रत्यक्ष काम यांत असे अंतर पडते.

९/
आवर्तनेही २००१ ची नाहीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या मर्क्युरी मोहिमेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा गट अर्ध्या अर्ध्या दिवसाची आवर्तने करत असे आणि प्रत्येक छोट्या भागाच्या चाचण्या आधी लिहीत असे. पुढे स्पेस शटलच्या मुख्य उड्डाण सॉफ्टवेअरसाठी आयबीएमच्या फेडरल सिस्टिम्स विभागाने १९७७ ते १९८० या काळात, ३१ महिन्यांत १७ आवर्तने केली. काम चालू असतानाच गरजा बदलत होत्या; एका दमात उतरणारा धबधबा तेथे परवडणारा नव्हता.

१०/
मग चित्र जिंकले कसे? १९७६ मध्ये बेल आणि थेयर यांच्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्द अवतरला आणि तो रॉइस यांच्या आकृतीला कायमचा चिकटला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २१६७ क्रमांकाचे मानक काढले. त्यात टप्पे, प्रत्येक टप्प्याचे कागद आणि औपचारिक तपासण्या यांची उतरंड होती. संरक्षण खाते हे सॉफ्टवेअरचे फार मोठे गिऱ्हाईक. कंत्राट हवे असेल तर त्याची रीत पाळणे आले.

११/
या ठिकाणी मला मुद्दा तंत्राहून अधिक कारभाराचा वाटतो. कंत्राट देणाऱ्याला आधी किंमत हवी असते, तारीख हवी असते, कोणत्या टप्प्यावर किती रक्कम द्यायची हे ठरवायचे असते. सात चौकटींचे चित्र या गरजांना हुबेहूब जुळते. ‘काम दोनदा करा’ हे वाक्य मात्र कोणत्याही निविदेत सहज बसत नाही. चित्र टिकले आणि वाक्य गळून पडले, यामागे केवळ वाचनातला आळस नसावा.

१२/
संरक्षण खात्याच्या परिघातूनच विरोधही उठला. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या अध्यक्षतेखालील डिफेन्स सायन्स बोर्डाच्या कार्यगटाने १९८७ मध्ये टप्प्यांच्या या ताठर रीतीऐवजी नमुने आणि क्रमाक्रमाने वाढणारी बांधणी यांची बाजू घेतली. बॅरी बोहेम यांनी १९८६ मध्येच सर्पिल प्रतिमान मांडले होते: प्रत्येक वळणावर आधी सर्वांत मोठा धोका ओळखा. अखेर डिसेंबर १९९४ मध्ये ४९८ क्रमांकाचे नवे मानक आले आणि टप्प्याटप्प्याने विकसित होणाऱ्या बांधणीला त्यात उघड जागा मिळाली.

१३/
तरीही जुनी सवय सुटली नाही. अमेरिकेच्या एफबीआयने खटल्यांच्या नोंदींसाठी व्हर्च्युअल केस फाइल ही प्रणाली हाती घेतली. गरजांचा दस्तऐवज ८०० पानांहून मोठा झाला, गरजा तरी बदलतच राहिल्या, आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये प्रकल्प सोडून द्यावा लागला. तिच्या जागी आलेली सेंटिनेल प्रणालीही मोठ्या टप्प्यांत रखडली. २०१० मध्ये संस्थेने काम स्वतःकडे घेऊन छोट्या आवर्तनांत सुरू केले आणि २०१२ मध्ये ती वापरात आली. अपयशाची कारणे अनेक होती, व्यवस्थापनातील अस्थिरताही त्यांत होती. पण दोष फार उशिरा उघड होणे हे त्यांतील एक.

१४/
मग निवड कशी करावी? इतिहास एकाच बाजूने कौल देत नाही. गरजा स्थिर असतील, असे काम पूर्वी झालेले असेल, तर सरळ क्रम पुरेसा ठरतो. काम नवे असेल, ग्राहकालाच आपल्याला काय हवे हे पाहिल्याशिवाय उमगणार नसेल, तर आवर्तने हवीत. दोन्ही प्रसंगी विचारायचा प्रश्न एकच: आपली चूक आपल्याला कोणत्या महिन्यात कळेल, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्याइतका पैसा व वेळ हाती उरलेला असेल का? १९७० च्या त्या निबंधाचा खरा विषय हाच आहे.

१५/
आपल्यासाठी, म्हणजे इतिहासाच्या वाचकांसाठी, यात आणखी एक धडा आहे. एखाद्या पुरुषाच्या नावावर एखादे मत रूढ झाले असेल, तर त्याचा मूळ कागद काढावा आणि प्रसिद्ध उताऱ्याच्या पुढचा परिच्छेद आवर्जून वाचावा. रॉइस यांच्या बाबतीत ते अंतर जेमतेम काही ओळींचे होते. त्या ओळी वगळून उभ्या राहिलेल्या रीतीने पुढे कित्येक वर्षे मोठमोठ्या कंत्राटांना वळण दिले.

धागा समाप्त. मूळ कागदाने रूढ समज उलटवल्याची अशी उदाहरणे आपल्या वाचनात आली असतील, तर खाली अवश्य लिहा.