व्हिशीतला म्हातारा राजदूत

जून १९४०. पॅरिस पडले आणि नाझींपुढे नमलेले फ्रान्सचे नवे सरकार लवकरच व्हिशी या औषधी झऱ्यांच्या गावी जाऊन बसले. त्यामागोमाग परदेशी वकिलातीही तेथे आल्या. ब्राझीलचे राजदूत होते लुइझ मार्टिन्स दि सूझा दांतास. वय ६४.

रिओ दि जानेरोत १८७६ साली जन्मलेला हा गृहस्थ १९२२ पासून फ्रान्समध्ये राजदूत होता. राष्ट्रसंघाच्या परिषदेवरही त्याने ब्राझीलची बाजू मांडली होती. एवढ्यावर कारकीर्द संपली असती, तर आज त्याचे नाव फारसे कोणी घेतले नसते.

आता प्रश्न व्हिशाचा. जून १९३७ मध्ये ब्राझीलच्या परराष्ट्र खात्याने ११२७ क्रमांकाचे गुप्त परिपत्रक काढले होते: ज्यूंना व्हिसा देऊ नये. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जेतुलिओ व्हार्गास. आणि व्हिशीत तर वकिलातीच्या दारी रोज माणसे येत होती. ज्यू, पोलिश, नाझीविरोधक. व्हिसा नाही म्हणजे फ्रान्समधून सुटका नाही.

सूझा दांतास यांनी व्हिसे दिले. सामान्य पारपत्रांवर, राजनैतिक व्हिसे, पुष्कळदा स्वहस्ते लिहून. मनाईचा स्पष्ट हुकूम आल्यानंतरही काही व्हिसे दिले गेले, मागील तारखा घालून. नियमांच्या भाषेत ही सरळ लबाडीच. पण शेकडो माणसे त्या लबाडीने जगली. त्यांपैकी एक पोलिश नाट्यदिग्दर्शक झ्बिग्नेव्ह झिएम्बिन्स्की. १९४३ साली रिओत त्याने बसवलेल्या नाटकापासून आधुनिक ब्राझिलियन रंगभूमी सुरू झाली, असे मानले जाते.

सगळेच मात्र तरले असे नाही. १९४१ च्या आरंभी मार्सेयहून निघालेले 'अल्सिना' जहाज डाकारला महिनोन्‌महिने अडकले आणि प्रवाशांच्या व्हिशांची मुदत संपली. त्यांतले काही 'काबो दि ओर्नोस' या दुसऱ्या जहाजाने रिओपर्यंत पोहोचले, तर ब्राझीलने त्यांना उतरू दिले नाही. ब्वेनोस आयरेसनेही नाकारले. अखेर कुरासाओ बेटाने आसरा दिला.

इकडे व्हार्गास सरकारने राजदूतावर चौकशी लावली. दोष ठरला, परंतु सेवानिवृत्तीचे वय उलटून गेले असल्याने शिक्षा झाली नाही. कायद्याच्या एका कलमाने अडकवले, दुसऱ्याने सोडवले!

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी फ्रान्सचा उरलेला भागही व्यापला आणि ब्राझीलच्या वकिलातीत सैनिक घुसले. सूझा दांतास व त्यांच्या सहकाऱ्यांना ऱ्हाइनकाठच्या बाड गोडेसबर्ग येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. १९४४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका झाली. स्वागतसमारंभ वगैरे दूरच. निवृत्त राजदूत पुन्हा पॅरिसला परतले आणि १९५४ साली तेथेच वारले.

पुढे जवळजवळ अर्धशतक त्यांचे नाव विस्मृतीत गेले. ब्राझीलचे इतिहासकार फाबिओ कोइफमन यांनी जुनी दप्तरे चाळून एकेका व्हिशाचा माग काढला आणि २००२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढल्याच वर्षी जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने सूझा दांतास यांचा मरणोत्तर गौरव केला.