मडकं न फोडता

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला कुंभार संत गोरोबाकाकांची समाधी आहे आणि त्यांच्या नावाशी जोडलेली एक परीक्षाही गावोगाव सांगितली जाते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईची नजर काकांच्या मडकी थापायच्या थापटण्यावर गेली. हे कशाला, असं तिनं विचारलं, तेव्हा मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, असं काकांनी सांगितलं. मग आमचीही मडकी बघा, म्हणून ती अडून बसली. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत पुढे सरकले. बाकीचे मुकाट बसले, नामदेव मात्र उसळले. हे मडकं कच्चं, असा निकाल लागला आणि नामदेवांनी गुरू म्हणून विसोबा खेचरांना गाठलं.

कथेतलं हे थापटणं कुंभाराच्या घरी खरं तर दुसऱ्याच कामाचं. ओलसर मडक्याला आतून गोल दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटण्यानं ठोकत त्याचं पोट फुगवायचं. भाजलेल्या मडक्याची पारख बोटाच्या पेरानंही होते. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे. उन्हाळ्यात माठ घेणारी बाई आजही तो वाजवूनच घेते. तेरमध्ये ही कारागिरी फार जुनी. सातवाहनकाळी गावाचं नाव तगर होतं आणि त्या काळच्या भाजक्या मातीच्या वस्तू गावातल्या लामतुरे संग्रहालयात मांडलेल्या आहेत.

वैद्यकानंही ही ठकठक उचलली. १७६१ साली लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरनं छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखायची रीत ग्रंथात मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. दारूचं पिंप किती भरलंय हे वाजवून बघायची सवय त्याला घरातूनच लागली, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकइवन मुलांच्या कवटीवर टिचकी मारून बघत. मेंदूत पाणी साठलेल्या मुलाची कवटी फुटक्या मडक्यासारखी वाजते. डॉक्टरी पुस्तकात त्या खुणेचं नावच ‘फुटक्या मडक्याचा आवाज’ असं आहे.

वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेल्या माणसापाशी मात्र ही युक्ती हरली.

अमेरिकेत मुष्टियोद्ध्यांच्या गोटात ‘पंच ड्रंक’ हा शब्द आधीपासूनच होता. दारू न पिता झोकांड्या खाणारा, बोलताना अडखळणारा जुना खेळाडू, असा त्याचा अर्थ. १९२८ मध्ये न्यू जर्सीचे डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी त्याच नावाचा शोधनिबंध लिहिला. लढती भरवणाऱ्या एकानं त्यांना अशा २३ जणांची यादी दिली होती. थोडक्यात, रोग आधी आखाड्याला कळला, दवाखान्याला नंतर. १९७३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्सेलिस यांनी १५ निवृत्त बॉक्सरांचे मेंदू तपासले आणि त्यांच्या घरच्यांना गाठून, माणूस केव्हापासून बदलला तेही विचारलं.

२००२ मध्ये पिट्सबर्गला अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर पन्नाशीत वारले. मूळचे नायजेरियाचे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी शवविच्छेदन केलं. मेंदू वरून अगदी धडधाकट दिसत होता. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर टाऊ नावाच्या प्रथिनाची पुटं सापडली. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई, तो हा रोग. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती हे टाऊ साचतं आणि २०१६ मध्ये तज्ज्ञांनी तीच या रोगाची खूण ठरवली. २०१७ मध्ये बॉस्टनच्या अभ्यासात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० जणांच्या मेंदूत हा रोग निघाला. आकडा वाचून छातीत धस्स होतं, पण मेंदूदान केलेल्या बऱ्याच घरांना आधीच शंका होती, हेही लक्षात घ्यायला हवं. पुढे २६६ मेंदूंच्या अभ्यासातून कळलं, की खेळाचं प्रत्येक वर्ष या रोगाची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढवतं.

इथं कुंभाराची ठकठक कामाची नाही: मडकं फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. टाऊ दाखवणारे पेट स्कॅन आले. २०१९ मध्ये माजी खेळाडूंच्या गटात टाऊ जास्त दिसलं, पण एका माणसाकडे बोट दाखवून निकाल द्यावा इतका तो पुरावा भक्कम नव्हता. रक्तातल्या प्रथिनांवर शोध चालू आहे. २०२१ मध्ये जिवंत रुग्णांसाठी जे निकष ठरले, त्यांतही ‘शक्य’, ‘संभाव्य’ अशाच पायऱ्या आहेत.

धाराशिव हा कुस्तीचा मुलूख. २०२३ च्या नोव्हेंबरात इथं महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली आणि जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्तीपासून इनामी कुस्तीपर्यंत डोकी भिडतातच. कुस्तीत ठोसा नसतो, त्यामुळे बॉक्सरचे आकडे पैलवानाला चिकटवता येत नाहीत. हौदातली तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली मातीही पडणाऱ्याला सांभाळून घेते. तरीही डावात उचलून टाकलेला गडी कधी मानेवर येतो, कधी डोक्यावर. मोडलेला कान मिरवता येतो आणि तो बघून लोक पैलवान ओळखतात. आत काय मोडलं ते दिसत नाही. जुना मल्ल नावं विसरू लागला, विनाकारण भडकू लागला, तर वय झालं म्हणून विषय मिटतो.

मृत्यूनंतर मेंदू तपासायचा, तर त्याचे नमुने जपणारी पेढी बंगळूरच्या निमहान्समध्ये १९९५ पासून आहे. पण जिवंत माणसाला २०२१ च्या निकषांनुसार तपासणारा डॉक्टर आधी साधेच प्रश्न विचारतो: किती वर्षं खेळलात, डोक्याला मार किती बसला, विसरायला केव्हापासून लागलं, राग आवरेना केव्हापासून झालं? वस्तादाच्या ध्यानात जोर, बैठका, खुराक असतो. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा पैलवानाच्या बायकोलाच ठाऊक असतात.