‘खुळे रोप’ : जिबरेलिनच्या शोधाचा भाषिक इतिहास

भाताच्या एका रोगाचे जपानी नाव मोठे बोलके आहे. रोपवाटिकेतील काही रोपे अकस्मात इतरांहून उंच होतात. ती फिकट व किडकिडीत असतात, पुष्कळदा वाळून जातात, आणि तगली तरी त्यांचे दाणे बहुधा पोचट राहतात. जपानी शेतकरी या विकारास ‘बाकानाए’, म्हणजे ‘खुळे रोप’, असे म्हणत. अवाजवी उंची हे व्याधीचे लक्षण होय, हे निरीक्षण त्या नावातच साठविलेले आहे.

शोतारो होरी यांनी १८९८ मध्ये या रोगाचे मूळ एका बुरशीत असल्याचे दाखविले. पुढे १९२६ मध्ये, त्या वेळी जपानच्या अमलाखाली असलेल्या फोर्मोसा बेटावर, एइइची कुरोसावा यांनी बुरशी वाढविलेला द्रव निर्जंतुक करून रोपांस दिला. तरीही रोपे तशीच लांबली. अर्थात हे कार्य बुरशीने स्रवलेल्या एखाद्या द्रव्याचे असले पाहिजे, हे उघड झाले. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्यास ‘जिबरेलिन’ हे नाव दिले आणि १९३८ मध्ये त्यांनी व सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळविले.

हे संशोधन बहुतांशी जपानी भाषेत प्रसिद्ध झाले. त्यातच महायुद्ध आले. परिणामी, पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांचे त्याकडे खरे लक्ष गेले ते १९५० च्या सुमारास. त्यानंतर मात्र प्रगती त्वरेने झाली. फिनी यांनी १९५६ मध्ये मक्याची काही खुजी वाणे जिबरेलिनने सामान्य उंचीची होतात असे दाखविले. लांग यांनी १९५७ मध्ये, थंडीवाचून न फुलणाऱ्या गाजरास जिबरेलिन देऊन, थंडीवाचूनच त्याचा दांडा वाढविला व त्यास फुले आणविली. १९५८ मध्ये घेवड्याच्या एका जातीच्या कोवळ्या बियांतून जिबरेलिन वेगळे करण्यात आले. तेव्हा हे द्रव्य वनस्पतीचे स्वतःचेही संप्रेरक आहे, हे निश्चित झाले.

या ज्ञानाची दुसरी बाजू नंतर उलगडली. १९६६ मध्ये प्रसृत झालेले ‘आयआर ८’ हे ठेंगणे भात खताच्या जोरावरही लोळत नसे. त्याच्या जनुकातील दोषामुळे खोडात जिबरेलिन कमी तयार होते, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. खुळ्या रोपात जे अति होते, तेच येथे बेताचे झाले होते.

‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘चेतविणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून रूढ केली. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही ‘ईर्’ या गत्यर्थक धातूवरून सिद्ध होतो. तेव्हा देशभाषेत शास्त्र मांडण्यास शब्दसामर्थ्य अपुरे पडते, असे म्हणता येत नाही. जपानी संशोधकांनी आपल्या भाषेत लिहिले यातही काही चुकले नाही. उणीव होती ती भाषांतराची, आणि परभाषेतील कार्याची दखल घेणाऱ्या वाचकांची. मराठीतून संशोधन प्रसिद्ध करणाऱ्या आपण सर्वांनी त्या हरवलेल्या वर्षांचा हिशेब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.