बोटीसाठी ट्रेलर घेताय? लांबी नंतर मोजा, आधी वजन धरा

बोट ठरली, इंजिन ठरलं, लाईफ जॅकेटही आली. ट्रेलरचा विषय बहुतेक जण सगळ्यात शेवटी काढतात आणि एका वाक्यात संपवतात, "सोळा फुटी बोट आहे, सोळा फुटी ट्रेलर द्या." घोळ इथंच होतो. बोट ट्रेलरवर मावणं वेगळं आणि ट्रेलरला ती पेलणं वेगळं. बरं, हा फक्त हौशी लोकांचा प्रश्न नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला, तेव्हा बचावाच्या कितीतरी बोटी रस्त्यानंच आणाव्या लागल्या. ट्रेलरचं चाक वाटेत जाम झालं, तर इंजिन कितीही ताकदीचं असो, बोट पाण्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून सुरुवात वजनापासून. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचं असतं. समजा १६ फुटी फायबरची बोट ३५० किलोची आहे. तिला ४० हॉर्सपॉवरचं इंजिन लावलं, म्हणजे आणखी ८० किलोच्या आसपास. ५० लिटर पेट्रोलचे ३७ किलो. बॅटरी, नांगर, दोर, जॅकेट, टूलबॉक्स मिळून ६० किलो सहज होतात. झाले ५२७. ट्रेलर अगदी काठोकाठ क्षमतेचा घेऊ नये. १५-२० टक्के जागा सोडायची, म्हणजे इथं निदान सव्वासहाशे किलो पेलणारा ट्रेलर हवा. त्याचं स्वतःचं वजन २०० किलो धरलं तर गाडीला ओढायचेत सव्वासातशे किलो. तुमची गाडी तेवढं ओढते का, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हा आकडाच नसतो. तसं असेल तर "ओढते की आरामात" म्हणणाऱ्या मित्रावर विसंबू नका.

पावसाळ्यात आणखी एक वजन चोरपावलांनी येतं. बोटीत साचलेलं पाणी लिटरला एक किलो भरतं. १५० लिटर साचलं तर दोन माणसं जादा बसल्यासारखंच. रस्त्यानं नेताना बुडाचं बूच काढून ठेवायचं ते यासाठी. (पाण्यात उतरवण्याआधी ते परत लावायचं, हे सांगायची गरज नसावी, पण लोक विसरतात.)

वजन किती याइतकंच ते कुठं टेकतंय हेही महत्त्वाचं, आणि अपघात होतात ते बहुधा या दुसऱ्या गोष्टीमुळं. गाडीच्या मागच्या हुकवर, म्हणजे हिचवर, एकूण ओझ्याच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा. आपल्या उदाहरणात सत्तर-पंचाहत्तर किलो. तो फार कमी असेल, म्हणजे बोट मागं सरकलेली असेल, तर वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडं झोलायला लागतो आणि शेवटी गाडीलाच हलवतो. भार जास्त झाला तर गाडीची शेपटी बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. मोजायला घरचा वजनकाटा चालतो. सपाट जागी, बोट सामानासकट चढवून, ट्रेलरचं पुढचं टोक हिचच्या उंचीवर काट्यावर टेकवा. भार चुकत असेल तर बोट पुढं-मागं सरकवता आली पाहिजे, म्हणून पुढचा खांब हलवता येतो असाच ट्रेलर घ्या. आणि धावताना झोल सुरू झालाच तर कचकन ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा.

रोलर की फळ्या?

बोट ज्यावर बसते तो आधार दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे कार्पेट गुंडाळलेल्या लांब फळ्या आणि दुसरा रबरी रोलर. फळ्यांवर वजन पसरतं, त्यामुळं फायबरच्या बुडाला त्या बऱ्या. पण बोट तरंगून सुटेपर्यंत ट्रेलर पाण्यात खोल न्यावा लागतो. धरणाच्या काठी, जिथं उतार कमी आणि चिखल जास्त, तिथं रोलर सोयीचे, कारण बोट घरंगळत उतरते. मात्र रोलरवर वजन मोजक्या ठिकाणी एकवटतं, म्हणून ते संख्येनं भरपूर हवेत. काहीही निवडा, आधार बोटीच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचलाच पाहिजे. इंजिन तिथं टांगलेलं असतं. आधार अर्धा फूट आधी संपला तर खड्ड्यागणिक बूड वाकत जातं आणि मग पाण्यात बोट नीट चालत नाही.

खाडीत किंवा समुद्रात उतरवणार असाल तर रंग दिलेल्या लोखंडाचा मोह सोडा. गंज पाइपच्या आतून धरतो, बाहेरून रंग चकाचक दिसतो. सगळं वेल्डिंग झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला सांगाडा घ्या. नुसता चंदेरी स्प्रे मारलेला नको. तरीही दर खेपेला गोड्या पाण्यानं धुवायचाच.

रस्त्यात बंद पडणाऱ्या ट्रेलरचं दुखणं बहुतेकदा बेअरिंगमध्ये असतं. लांबून आल्यावर चाकाचा हब तापलेला असतो. तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस बिघडतं, बेअरिंग गंजतं आणि कधीतरी घाटात चाक धरतं. त्यामुळं काठावर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. ग्रीसही पाण्यात टिकणारंच भरा. चाकं फार लहान नकोत. तेवढ्याच अंतरात ती जास्त फिरतात, जास्त तापतात आणि आपल्या खड्ड्यांत खोल जातात. ट्रेलरचं स्पेअर चाक वेगळं लागतं, गाडीचं बसेलच असं नाही.

ब्रेकचं काय? युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो. आपल्या उदाहरणातलं प्रत्यक्ष ओढायचं वजन त्या आकड्याच्या जेमतेम खाली आहे. घाटातून ये-जा असेल तर मी ब्रेकवालाच घेईन. गाडीनं वेग कमी केला की ट्रेलर पुढं रेटतो आणि त्या रेट्यानंच लागतो, असा ब्रेक पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला योग्य.

कायद्यानं भारतात ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणजे नोंदणी आली, नंबरप्लेट आली. वेल्डिंगच्या दुकानातून करून घेणार असाल तर नोंदणी कशी होणार हे आरटीओत आधी विचारा, पैसे नंतर द्या. जुना घेताना हिचचा गोळा आणि ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे आहेत ना, हे तपासा. ५० मिलिमीटर आणि २ इंच ही मापं डोळ्यांना सारखी दिसतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. माप गोळ्यावर आणि कपलरवर कोरलेलं असतं, ते वाचून घ्या.