वाहतूक गणती : कडोदरा चौकाचे उदाहरण

वाहतूक गणती म्हणजे रस्त्यावरील निश्चित ठिकाणाहून ठरावीक काळात जाणाऱ्या वाहनांची प्रकारवार नोंद. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहराबाहेरील रस्त्यांवर ती वर्षातून दोनदा, सलग ७ दिवस अहोरात्र घेतली जाते. एकदा सुगीच्या वर्दळीत, एकदा मंदीच्या काळात. मोटार १ एकक धरल्यास दुचाकी ०.५ आणि ट्रक किंवा बस ३ एकके मानतात.

मात्र किती वाहने गेली यावरून ती कोठे निघाली होती, हे कळत नाही. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कडोदरा येथे मुंबई-दिल्ली महामार्गाला सुरत-बारडोली रस्ता छेदतो. हा रस्ता पुढे व्यारा, नवापूरमार्गे खानदेशाला जोडला जातो. लांब पल्ल्याचे ट्रक, सुरतेचे प्रवासी आणि परिसरातील कापड कारखान्यांचे कामगार एकाच चौकात येतात. अशा ठिकाणी चालकांना प्रवासाचा आरंभ व शेवट विचारून पाहणी करावी लागते. थेट पुढे जाणारी वाहने अधिक असल्यास वळणरस्ता उपयोगी ठरतो. स्थानिक वर्दळ अधिक असल्यास बसथांबा आणि पादचारी मार्ग.

फास्टॅगची नोंद टोलनाक्यापुरती असते. पायी रस्ता ओलांडणारा कामगार तीत येत नाही. गोव्यात महामार्ग ६६ लगतच्या गावांनाही हेच लागू पडते. तेथे पर्यटन हंगाम आणि पावसाळा, दोन्ही काळांत पादचाऱ्यांसह गणती झाली, तरच रस्त्याची खरी गरज समजते.