‘कुलीन कांता’ (१९२५) : बावला खून खटला आणि दादरचा मूकपट

प्रस्तावना :
दादर व चित्रपटनिर्मिती यांचे नाते दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पासूनचे आहे. पुढे द्वारकादास संपत यांच्या कोहिनूर फिल्म कंपनीने याच परिसरात पौराणिक कथांबरोबर समकालीन घटनांनाही पडद्यावर आणले. १९२५ साली होमी मास्टर दिग्दर्शित ‘कुलीन कांता’ हा मूकपट त्याच वर्षीच्या बावला खून खटल्यावर आधारलेला होता. मोहनलाल दवे हे त्याचे लेखक. प्रस्तुत निबंधात हा खटला व मूकपट यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी :
इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या दरबारातील मुमताज बेगम संस्थान सोडून मुंबईत आली. व्यापारी अब्दुल कादर बावला यांनी तिला आश्रय दिला. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून बावला यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोहोचल्यामुळे अपहरणाचा बेत फसला. बावला यांचा मात्र मृत्यू झाला.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्या. क्रम्प यांच्यापुढे चालला. आरोपी आनंदराव फणसे यांच्या वतीने बॅ. जीना उभे राहिले. तिघा आरोपींना फाशीची शिक्षा झाली. संस्थानिकावर सामान्य न्यायालयात खटला चालणे शक्य नव्हते. चौकशी आयोग की गादीचा त्याग, असा पर्याय समोर आल्यावर महाराजांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली.

मूकपटाचे धाडस व मर्यादा :
संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरविणाऱ्या लेखनास प्रतिबंध करणारा कायदा १९२२ पासून अमलात होता, तर चित्रपटांवर सेन्सॉर मंडळाची नजर होती. कोहिनूरला याचा अनुभव होता. ‘भक्त विदुर’ (१९२१) मधील विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून त्या चित्रपटावर काही प्रांतांत बंदी आली होती. अशा वातावरणात राजदरबाराशी निगडित ताजा खटला पडद्यावर आणणे ही साधी गोष्ट नव्हती. तथापि, वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचलेल्या प्रकरणाचे व्यापारी आकर्षणही नाकारता येत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. न्यायालयात मुमताज स्वतः बोलली होती. आपल्या नवजात मुलीला मारण्यात आल्याचे तिने साक्षीत सांगितले. पडद्यावर मात्र तिच्या जागी एक अभिनेत्री आणि इतरांनी लिहिलेल्या पाट्या आल्या. ‘कुलीन कांता’ हे शीर्षकही विचारात घेण्यासारखे आहे. दरबारातील नर्तकीची कथा सांगताना स्त्रीच्या कुलीनतेचा दाखला द्यावासा वाटणे, यातून तत्कालीन मध्यमवर्गीय नीतिकल्पनांचा प्रभाव सूचित होतो.

निष्कर्ष :
सत्य गुन्ह्यावर आधारित चित्रपटाची परंपरा नानावटी प्रकरणावरील चित्रपटांच्या कितीतरी आधी, मूकपटांच्या काळातच मुंबईत रुजली होती. अशा चित्रपटांकडे घटनेचा पुरावा म्हणून न पाहता, समाजाने ती घटना कशी पचविली याचे साधन म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल. त्या काळातील बहुसंख्य मूकपट नष्ट झाले आहेत. त्यामुळे मुमताजचा आवाज शोधणाऱ्या अभ्यासकाला अखेर न्यायालयीन साक्षीकडेच वळावे लागते.