अक्षराची सावली

भाऊबीज आटोपली की आमच्या लाखांदुराकडे मंडईचे दिवस सुरू होतात, नि वडशाच्या नाटक कंपन्यांचे फलक चौकाचौकांत उभे राहतात. झाडीपट्टीच्या या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा मी लहानपणापासूनचा भक्त. पण हल्ली नाटकाआधी फलकच पाहत उभे राहण्याची खोड मला जडली आहे. नाटकाचे नाव पिवळे, त्याला लाल कड, लाल कडेला पुन्हा पांढरी कड, आणि या सर्वांच्या मागे काळी पसरट सावली. नायकामागे सावली, खलनायकामागेही सावली. मौज अशी की नायकाची सावली उजवीकडे पडलेली असते आणि खलनायकाची डावीकडे. एका फलकावर दोन सूर्य!

ही सावली कागदावर आली कोठून? ती कथा दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगण्याजोगी आहे, कारण तिचा बराचसा भाग दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच घडलेला आहे.

मूळ अडचण अशी, की छापखान्याच्या काळ्या शाईला करडा रंग ठाऊक नाही. कागदाला शाई लागते, नाही तर लागत नाही. मधली स्थिती नाही. आणि सावली तर सगळी मधल्या स्थितीतच असते. म्हणून छापील सावली म्हणजे डोळ्यांची फसवणूक, हे आरंभापासून ठरलेलेच होते. बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास शिळाछापाची युक्ती काढली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली त्याच शिळाछापावर पंचांग छापले. पंचांगाला सावलीची गरज नव्हती. पण शिळेचा पृष्ठभाग खरबरीत केला आणि त्यावर तेलकट खडू हलका फिरवला, तर केवळ दाण्यांच्या टोकांना रंग लागतो आणि दुरून तो करडा भासतो, ही खुबी चित्रकारांनी लौकरच ओळखली.

या विद्येचा कळस आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यात झाला. 1894 साली मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तिथली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोचली. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि प्रत्येक शिळेवर हाताने टिंबे देत बसलेले कारागीर. देवीच्या गालावरची छटा आणि तिच्या पायांखालची छाया त्या टिंबांची. चित्राखाली नाव रविवर्म्याचे. टिंबे देणाऱ्यांची नावे तिथे नाहीत. मला त्यांची आठवण पुष्कळदा येते. का, ते पुढे येईलच.

1882 साली जर्मनीत गेओर्ग माइझेनबाखने जाळीच्या ठशाचे पेटंट घेतले, आणि टिंबे देण्याचे काम हातांकडून काचेकडे गेले. छायाचित्र बारीक रेघांच्या जाळीतून पाहायचे, की गडद जागी टपोरे आणि फिक्या जागी बारीक ठिपके उमटतात. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचात 85 रेघांची जाळी पुरते, गुळगुळीत कागदाला 150 लागतात. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके याच ठशांच्या धंद्यात होते. रविवर्मा छापखान्याचेही काम त्यांनी केले. 1909 साली रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीस गेले. त्याच 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे चारच वर्षांनी, 1913 मध्ये, फाळक्यांनी सावल्यांना पडद्यावर चालतेबोलते... नव्हे, अजून बोलते नव्हे, नुसते चालते केले.

मुखपृष्ठावरच्या सावलीचे खरे वैभव मात्र त्यानंतरचे. दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू केला. रघुवीर मुळगावकर हवेच्या दाबाने रंगाचे तुषार उडवणारी फवारणी वापरीत. त्यांच्या देवादिकांभोवतीची मऊ, कड नसलेली सावली त्या फवाऱ्याची. लोक मुळगावकरांवर लुब्ध होते, आणि ते योग्यच. माझे मन मात्र दलालांच्या रेषेकडे ओढ घेते. दोघांनाही सावली कोठे थांबवायची हे कळत होते, एवढे खरे.

मग संगणक आला. 1985 साली पेजमेकर निघाले, आणि पान जुळवणे टेबलावर होऊ लागले. परंतु त्यामागची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा अपारदर्शक होती. वर ठेवलेली वस्तू खालचीला झाकणार, बस्स. अर्धपारदर्शक काही नाही. 2001 साली पीडीएफच्या नव्या आवृत्तीत पारदर्शकता आली. 2002 साली इनडिझाइनच्या दुसऱ्या आवृत्तीने पानावरच सावली पाडून दिली. फवारा, जाळी, शिळा यांचे काम आता चार आकड्यांत उरकते: सावलीचा गडदपणा किती, ती किती दूर, कोणत्या कोनात, कड किती मऊ. यंत्र आपण होऊन गडदपणा 75 टक्के धरते, आणि पुष्कळ जण तो तसाच राहू देतात. साऱ्या पानाला एकच उजेड देण्याचीही सोय त्यात आहे. फलकवाल्यांनी ती वापरली असती, तर दोन सूर्य उगवले नसते.

या आकड्यांची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी गावच्या शाळेच्या खोलीसाठी लोकांनी वर्गणी दिली. कोणी पैसे, कोणी पायलीभर धान. त्याची एक स्मरणिका निघाली. दिवंगत थोरल्या गुरुजींचे छायाचित्र, आणि लगत देणाऱ्यांची नावे. छायाचित्राला भरगच्च सावली हवी, हा हट्ट माझाच. छापून आले तेव्हा सावलीखाली सापडलेली नावे जाड, भुरकट झालेली. ‘शेंडे’चा अनुस्वार मात्रेत बुडून ‘शेडे’ झाला होता. एक म्हातारी बाई अंक घेऊन आली. “गुरुजी, आमच्या घरच्याचं नाव काऊन असं पुसलं?” तिच्या नवऱ्याने धान दिले होते, आणि खोली उभी राहण्यापूर्वी तो गेला होता.

कारण मला नंतर उमगले. छपाईस जाताना पारदर्शक वस्तू सपाट करावी लागे, म्हणजे सावली आणि तिच्याखालचे जे काही असेल ते कापून, त्याचे एक चित्र बनवावे लागे. अक्षर तिथे अक्षर राहत नाही, त्याचेही ठिपके होतात. वर एका काळ्या शाईतले अक्षर चार शायांत वाटले गेले, की त्या शाया केसभर सरकल्या तरी अनुस्वार बुडालाच. तोड इतकी सोपी की लाज वाटावी: अक्षरे सर्वांत वरच्या थरावर ठेवायची, सावली त्यांच्याखाली. आताच्या छापखान्यांना पारदर्शकता सपाट न करता तशीच देता येते, त्यामुळे हा घोटाळा कमी होतो. पण सावली अक्षरांवर पाडली, तर ती मळणारच.

बाईंना मी तेव्हा दौतीतल्या शाईने अनुस्वार देऊन दिला. मग उरलेले सगळे अंक घरी आणले, आणि दोन रात्री बसून प्रत्येकावर टिंब दिले. यंदा स्मरणिका पुन्हा निघते आहे. गुरुजींचे चित्र तेच आहे, सावली 20 टक्के, उजवीकडे खाली. आणि नावांची यादी मी आधी बाईंच्या नातवाकडून वाचून घेतली आहे.